डॉक्टर व्हायचं, पण कुणाचे? एमबीबीएस आणि एमपीएचची गोष्ट

(या भागाचं थोडं साफसूफ केलेलं शब्दांकन. हॉर्नचे आवाज गाळलेत, सगळे नाही.)

मागे जो गोंगाट येतोय तो द्वारकेचा आहे. गुजरातवाली द्वारका नाही, आपली नाशिकची. उड्डाणपुलाखाली एका चहाच्या गाडीशी उभा आहे. एक रस्ता नाशिकरोडकडे, एक मुंबई नाक्याकडे, एक आडगावकडे आणि एक सारडा सर्कलकडे. चारही बाजूंनी रिक्षा. इथे रेकॉर्डिंग करायचं कारण आहे, सांगतो.

एका श्रोतीचा व्हॉइस नोट आला. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस करतेय, इंटर्नशिप चालू आहे. ती म्हणते, "दादा, मला पब्लिक हेल्थमध्ये मास्टर्स करायचंय. घरी सांगितलं तर पप्पा म्हणाले, इतकं शिकून पुन्हा सर्व्हे करत हिंडणार का? सगळे नीट पीजीच्या मागे आहेत. मी दोन वर्षं वाया घालवतेय का?"

प्रश्न साधा नाही. साडेपाच वर्षं गेलीत, घरच्यांचा पैसा गेलाय, आणि सरकारी कॉलेज म्हणजे एक वर्षाची बंधपत्रित सेवाही डोक्यावर.

आता द्वारका. समजा, या चौकात रोज कुणीतरी दुचाकीवरून पडतं. हाड जोडणारा डॉक्टर प्रत्येकाचं हाड जोडेल, आणि ते मोठंच काम आहे. पण कुणीतरी वही घेऊन बसायला हवं ना? कोण पडतंय, किती वाजता, कुठल्या वळणावर, पावसात जास्त का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, इथून रोज जातात किती जण? दवाखान्यात आलेला माणूस दिसतो. न आलेला दिसत नाही. शाळेतल्या अपूर्णांकाच्या भाषेत, डॉक्टरकडे अंश असतो, छेद नसतो. एमपीएच, म्हणजे मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ, तो छेद शोधायला शिकवतं. साथरोगशास्त्र, संख्याशास्त्र, आरोग्याचं अर्थकारण, धोरण वगैरे.

छेद शोधला की काय होतं, याचं उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग. दोघं नागपूरला एमडी झाले, मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात 1984 मध्ये एमपीएच केलं. परत आले आणि 1986 मध्ये गडचिरोलीत 'सर्च' सुरू केलं. राणीताईंनी दोन गावांतल्या बायकांची तपासणी केली. दवाखान्यात आलेल्यांची नाही हं, गावातल्या. 650 जणी. त्यातल्या 92 टक्के जणींना एक तरी स्त्रीरोग होता, आणि आधी कधी तपासणी-उपचार झालेल्या फक्त 8 टक्के. हे 1989 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. ओपीडीत बसून हा आकडा जन्मात कळला नसता, कारण त्या बायका ओपीडीत आल्याच नव्हत्या.

मग नवजात बाळं. 39 गावांत गावातल्याच बायकांना शिकवलं, बाळाला घरी जाऊन बघायचं, ऊब द्यायची, जंतुसंसर्ग ओळखायचा, इंजेक्शनसुद्धा द्यायचं. तुलनेला 47 गावं ठेवली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी कमी निघाला. 1999 चा 'लॅन्सेट'. आता गंमत बघा, बाळं वाचवायला एमबीबीएस लागलं. पण ही पद्धत खरंच बाळं वाचवते हे सरकारला पटवायला ती 47 गावं लागली. ती कशी निवडायची, कशी मोजायची, हे एमपीएचवाल्याचं काम. 2011 पासून आपल्या आशाताई घरोघरी जाऊन नवजात बाळ बघतात, त्यामागे हे आहे.

त्यांच्याही आधी जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे. 1970 मध्ये काम सुरू केलं. तेही हॉपकिन्सचेच, आणि दोन्ही जोडप्यांचे गुरू एकच, कार्ल टेलर, जे जन्माने आपल्या हिमालयातले! कमी शिकलेल्या गावच्या बायकांना आरोग्यसेविका केलं. 1979 ला मॅगसेसे मिळाला.

बरं, आता व्यवहार. अमेरिकेत एमडी आणि एमपीएच एकत्र पाच वर्षांत करायची सोय बऱ्याच विद्यापीठांत आहे. आपल्याकडे तसं जोडपॅकेज रूढ नाही. आधी एमबीबीएस, मग एमपीएच, साधारण दोन वर्षं. मुंबईत टिस, पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठ, तिरुवनंतपुरमला श्री चित्रा, चेन्नईला आयसीएमआरची साथरोग संस्था. वर्गात बीडीएस, बीएएमएस, नर्सिंगवाले, समाजशास्त्रवालेही असतात. मला तर हा फायदाच वाटतो.

पण एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. एमपीएच म्हणजे एमडी नव्हे. नावापुढे 'स्पेशालिस्ट' लागत नाही. मेडिकल कॉलेजात कम्युनिटी मेडिसिन शिकवायचं स्वप्न असेल, तर नीट पीजी देऊन तीन वर्षांचं एमडीच करा. पीएसएमची जागा म्हणजे 'काहीच मिळालं नाही तर' असं हॉस्टेलमध्ये बोलतात, ते सोडून द्या. याउलट जिल्ह्याचा साथरोगतज्ज्ञ, लसीकरण, आरोग्य मिशन, संशोधन यात एमबीबीएस अधिक एमपीएचला मागणी असते. फक्त यातल्या बऱ्याच नोकऱ्या कंत्राटी असतात, अकरा-अकरा महिन्यांच्या. पप्पांची काळजी अगदीच चुकीची नाही. 2022 मध्ये केंद्राने राज्यांना सार्वजनिक आरोग्याचं वेगळं केडर करायच्या मार्गदर्शक सूचना दिल्यात, पण पगार राज्य देतं, तेव्हा आपल्या राज्याची जाहिरात वाचूनच ठरवा.

नाशिककरांनो, 2027 ला सिंहस्थ आहे. लाखो माणसं, एक गोदावरी, पाणी, संडास, गर्दी. 2013 च्या अलाहाबाद कुंभात हार्वर्डच्या लोकांनी तिथल्या दवाखान्यांतल्या रोजच्या नोंदी टॅबवर घेऊन आजार कुठे वाढतोय हे बघितलं होतं. आपल्या वेळी ती वही कोण धरणार? आरोग्य विज्ञान विद्यापीठ तर इथेच आहे, म्हसरूळला.

तर ताई, माझं मत विचारशील तर लगेच फॉर्म भरू नकोस. इंटर्नशिपमध्ये पीएचसीची पोस्टिंग येईल. ती सह्या मारून उरकू नकोस. एका उपकेंद्राचं जन्माचं रजिस्टर घे, वर्षभरातली बाळं मोज, आणि त्यातली किती आज जिवंत आहेत हे आशाताईंबरोबर घरोघरी जाऊन बघ. आठ दिवसांचं काम. ते करताना वेळ कसा गेला कळलं नाही, तर पप्पांशी बोलायला तुझ्याकडे स्वतःचा आकडा असेल. कंटाळा आला, तर तेही दोन वर्षं जायच्या आधी कळेल.

बंधपत्राचं वर्ष, त्यातली नेमणूक आणि एमपीएचचा प्रवेश यांची सांगड कशी घालायची, यावर पुढच्या भागात बोलू. रजिस्टर मोजलंस तर व्हॉइस नोट पाठव. चला, चहा गार झाला आणि सिग्नल अजून लालच आहे.