पाहुण्याच्या हाती पेळू

नागपूरहून वर्ध्याकडे निघालं की बुटीबोरीचे कारखाने मागे पडतात, रस्त्याच्या दोन्ही अंगांना कपाशी-तुरीची शेतं लागतात आणि थोड्या वेळाने केळझरची टेकडी दिसते. टेकडीवर जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत, त्यातच सिद्धिविनायकाचं देऊळ. विदर्भाच्या अष्टविनायकांपैकी हा एक. वसिष्ठ ऋषींनी त्याची स्थापना केली असं गावात सांगतात. त्याहून रंगतदार आख्यायिका पांडवांची आहे. महाभारतातली एकचक्रा नगरी म्हणजेच हे केळझर, आणि भीमाने बकासुर मारला तो इथेच. या मानासाठी बंगाल-बिहारमधली गावंही दावा सांगतात, तेव्हा त्या वादात पडण्यात हशील नाही. कथा मात्र इथे शोभून दिसते. राजवाड्यात वाढलेले पाच भाऊ आईला घेऊन आडगावी येतात, परक्याच्या घरी राहतात, भिक्षा मागून जेवतात. मग त्या घराची पाळी येते तेव्हा गाडाभर अन्न घेऊन राक्षसाकडे जायचं काम पाहुणाच अंगावर घेतो. ते अन्न तो स्वतःच फस्त करतो, पण काम पुरं करतो.

शहरातल्या पाहुण्याला आल्याआल्या कामाला लावायचं, ही रीत वर्धा जिल्ह्यात गेल्या शतकात पुन्हा रुजली, आणि तीही पर्यटनाचा विचार कुणाच्या मनात नसताना. आज महाराष्ट्रात शेतावरचा हुरडा, मातीची भांडी, वारली चित्रं, चुलीवरची भाकरी असे दिवसभराचे वर्ग जागोजागी भरतात. राज्य सरकारने 2020 मध्ये कृषी पर्यटनाचं धोरणही आणलं. हे चांगलंच आहे. पण पाहुण्याने हाताने काही करून पाहावं, यामागचा सगळ्यात खोल विचार जिथे झाला ती ठिकाणं केळझरपासून तासाभराच्या आत आहेत: वर्ध्याचं मगन संग्रहालय, गोपुरी, सेवाग्राम. केळझरला देवदर्शन आटोपून परतीची वाट धरणाऱ्या नागपूरकरांना ती ठाऊक नसतात असं नाही. शाळेच्या सहलीत एकदा पाहून झालेली असतात, एवढंच. आणि सहलीत ‘पाहिलेली’ असल्यामुळेच ती कळायची राहिलेली असतात.

डिसेंबर 1934 मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला आणि त्याचं ठाणं वर्ध्यात पडलं. जमनालाल बजाजांनी त्यासाठी आपली बाग आणि घर दिलं. गांधीजींचे निकटचे सहकारी मगनलाल गांधी 1928 मध्ये गेले होते. त्यांच्या नावाने ही जागा मगनवाडी झाली. संघाचा कारभार जे. सी. कुमारप्पांकडे होता. लंडनमध्ये हिशेबतपासनिसाचं शिक्षण घेतलेला हा माणूस तेलघाणी, हातकागद, मधमाश्या, कुंभारकाम यांचा ताळेबंद मांडत बसला. नुसता मांडला नाही, शिकवलाही. गावात काम करू इच्छिणारी तरुण मंडळी इथे येत आणि कागदाचा लगदा ढवळायला, घाणीचा बैल हाकायला शिकत. झवेरभाई पटेलांनी सुधारलेली घाणी इथलीच. ती पुढे देशभर वर्धा घाणी म्हणून ओळखली गेली.

या सगळ्या प्रयोगांची अवजारं एका छताखाली ठेवण्यासाठी 30 डिसेंबर 1938 रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालयाचं उद्घाटन झालं. राजांच्या तलवारी आणि राण्यांचे दागिने यांची सवय असलेल्याला इथे चुकल्यासारखं होईल. इथे नांगर आहेत, सरकी काढायचे रेचे आहेत, घाणी आहे, कागद आहे, आणि चरखे तर किती परींचे! उभे, आडवे, पायाने फिरवायचे, पेटीत मिटणारे. पेटीचरखा 1930 च्या सुमारास गांधीजी पुण्याला येरवड्याच्या तुरुंगात असताना आकाराला आला. त्याला येरवडा चक्र म्हणतात ते त्यामुळेच. एका चाकावरून दुसऱ्या लहान चाकावर आणि तिथून चातीवर गती नेली की मोठ्या चाकाची गरज उरत नाही, ही त्यातली युक्ती. मिटलेली पेटी काखेत मारून रेल्वेच्या तिसऱ्या वर्गात चढता येत असे.

त्याच्या थोडं आधी, 1929 मध्ये, खादीचं काम पाहणाऱ्या चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं. अट अशी की यंत्र हलकं असावं, खेड्यात दुरुस्त व्हावं, दीडशे रुपयांच्या आत तयार व्हावं आणि आठ तासांत सोळा हजार फूट सूत काढावं. किर्लोस्करवाडीत घडवलेलं एक यंत्रही त्यात उतरलं होतं. बक्षीस शेवटी कुणालाच मिळालं नाही. चरखा म्हणजे जुन्याला कवटाळणं, असं समजणाऱ्यांनी या लाख रुपयांकडे एकदा बघावं. त्या काळी एवढ्या रकमेत एखादा छोटा कारखाना उभा राहिला असता.

संग्रहालयाला जोडून आजही खादीचं आणि नैसर्गिक रंगाईचं काम चालतं. शहरी पाहुणा सगळ्यात लवकर रमतो तो रंगाईत, कारण तिथे यश चटकन दिसतं. पळसाची फुलं पाण्यात उकळली की पिवळा-केशरी रंग सुटतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोरच्या जंगलाकडे जाणारा रस्ता या फुलांनी पेटलेला असतो, तेव्हा कच्चा माल आयता. पण नुसत्या उकळत्या पाण्यात कापड बुडवलं तर पहिल्याच धुण्यात रंग उतरतो. त्याआधी कापडाला हिरड्याचं आणि तुरटीचं पाणी द्यावं लागतं. तुरटी रंगाला धाग्याशी बांधून ठेवते. गंजकं लोखंड गुळाच्या पाण्यात आठवडाभर आंबवून काळा रंग करतात. हिरड्याचा हात दिलेलं फिकट कापड त्या पाण्यात पडताक्षणी काळवंडतं आणि शाळकरी पोरं हमखास ओरडतात. डाळिंबाची साल, कांद्याची टरफलं, मंजिष्ठेची मुळं यांतून निघणाऱ्या छटा बघून मोठ्यांचाही जीव रमतो. मौज आहे, शिवाय हातरुमाल घरी नेता येतो.

कताईत असं काही होत नाही. तिथे तास संपतो आणि हाती उरतात दोनचार वीत तुटके, गाठाळ धागे. म्हणूनच मला या दोहोंत कताईचा वर्ग मोलाचा वाटतो.

सुरुवात टकळीपासून करावी. पितळी चकतीतून आरपार गेलेली लोखंडी काडी, एवढंच ते यंत्र. डाव्या हाताच्या चिमटीत पिंजलेल्या कापसाचा पेळू धरायचा, उजव्या हाताने टकळीला फिरकी द्यायची आणि पेळू हळूहळू वर न्यायचा. पीळ धाग्यातून वर चढतो, चिमटीपाशी थांबतो. चिमूट घट्ट धरली तर धागा तुटतो, सैल सोडली तर पीळ थेट पेळूत शिरून त्याची दोरी करून टाकतो. त्या मधली जी जागा आहे ती तोंडी सांगून कळत नाही, बोटांनाच सापडावी लागते. इंजिनिअरला ती लवकर सापडेल असं नाही. उलट पोळ्या लाटणाऱ्या, वाती वळणाऱ्या हातांना ती आधी सापडते. घरी ज्यांचा सल्ला फारसा कुणी विचारत नाही अशा आजीबाई या वर्गात गुरू होतात आणि त्यांचा कमावता मुलगा धागा सांधून द्या म्हणून त्यांच्यापुढे हात करतो.

आता थोडा हिशेब. वीस नंबरचं सूत धरलं तर एका ग्रॅममध्ये सुमारे 34 मीटर धागा भरतो. एका सदऱ्याचं कापड तीनशे ग्रॅमचं म्हटलं तरी त्यात दहा किलोमीटर धागा आहे. केळझरपासून सेलूपर्यंतचं अंतर साधारण तेवढंच. कातणाऱ्यांचं माप गुंडीचं: चार फुटांचा एक तार, अशा 640 तारांची एक गुंडी. म्हणजे सदऱ्याला तेरा गुंड्या. सरावलेल्या हाताला पेटीचरख्यावर एका गुंडीला दोनेक तास लागतात. विणणं, धुणं, शिवणं पुढचं. ज्याने तासभर खटपट करून चार वीत सूत काढलं आहे त्याला हे आकडे पाठ करावे लागत नाहीत, ते त्याच्या खांद्यात दुखत असतात. खादी भांडारात ‘एवढी महाग?’ म्हणणारी जीभ त्यानंतर जरा अडखळते.

हाच हिशेब विनोबांनी स्वतःच्या पोटावर करून पाहिला. वर्ध्याजवळच्या नालवाडीत 1935 साली त्यांनी ठरवलं की कताईची जी मजुरी मिळेल तिच्यावरच जगायचं. रोज आठ-नऊ तास ते सूत काढत. हात तरबेज, चित्त एकाग्र, दिवस पूर्ण, तरी मजुरी अंगाला पुरेना. जी बाई घरचं सगळं करून उरलेल्या वेळात कातते तिची गत काय असेल, हे त्यातून उघडच झालं. त्याच वर्षी गांधीजींनी चरखा संघात कातणारीला जगण्यापुरती मजुरी मिळालीच पाहिजे असा आग्रह धरला. आठ तासांच्या कामाला आठ आणे, हे त्यांचं माप. खादी महाग होईल, विकली जाणार नाही, अशी कार्यकर्त्यांची ओरड होती. ती खोटी नव्हती. तरी दर वाढले. एखाद्या माणसाने हाताने काम करून पाहिलं आणि त्यातून मजुरीचा दर बदलला, याहून चांगला ‘प्रात्यक्षिकाचा’ दाखला मला ठाऊक नाही. विनोबांनी 1934 मध्ये काढलेलं ग्रामसेवा मंडळ गोपुरीत आजही खादीचं काम करतं.

गांधीजी एप्रिल 1936 मध्ये शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला गेले. तिथे जगभरचे पाहुणे येऊ लागले आणि आश्रमाची दिनचर्या त्यांच्यासाठी थांबत नसे. अमेरिकन पत्रकार लुई फिशर जून 1942 मध्ये आठवडाभर राहिला. वर्ध्याचा जून म्हणजे काय ते इथल्याने कुणाला सांगायला नको. फिशरने शेवटी पाण्याच्या टबात एक लाकडी खोकं ठेवलं, त्यावर बसला, दुसऱ्या खोक्यावर टाइपरायटर ठेवला आणि अधूनमधून अंगावर पाणी ओतत मुलाखतीची टिपणं टंकत राहिला. त्या आठवड्यातून ‘अ वीक विथ गांधी’ हे पुस्तक आलं. बापूकुटीच्या भिंतीवर मीराबहनने मातीत उठवलेली ताडाची झाडं, मोर आणि चरखा आहे. इंग्रज नौदल अधिकाऱ्याच्या लेकीने इथल्या मातीत हात घातल्याची ती खूण. त्या भिंतीजवळ जाऊन फोटो काढणारे पुष्कळ, शेणामातीचं पोतेरं हातात घेऊन पाहणारे थोडे.

हाताने काम करत शिकण्याची ही रीत 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत रीतसर मांडली गेली. झाकिर हुसेन यांच्या समितीने अभ्यासक्रम केला, आर्यनायकम आणि आशादेवी यांनी सेवाग्रामात तो चालवून पाहिला. हीच नई तालीम. गणित टकळीवर, भूगोल कापसावर, रसायन शौचालयाच्या खतावर. स्वातंत्र्यानंतर सरकारी शाळांत ती टकळीच्या तासापुरती उरली. पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना तो कंटाळवाणा तास आठवत असेल. हात चालत होते आणि डोकं रजेवर होतं, त्यामुळे तो विषय मेला. सेवाग्रामात 2005 पासून आनंद निकेतन शाळेने तो धागा पुन्हा उचलला आहे. तिथे मुलं शेती करतात, स्वयंपाक करतात, कातायला शिकतात आणि त्याबरोबर मराठी-गणितही.

एक वर्ग मात्र न चुकता दरवर्षी भरतो, आणि तो शहरी मुलांचाच. सुशीला नायर यांनी 1969 मध्ये सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी केली. इथे डॉक्टर व्हायला आलेल्या मुलामुलींचे पहिले पंधरा दिवस शवविच्छेदनाच्या टेबलाशी जात नाहीत, आश्रमातल्या शिबिरात जातात. प्रार्थना, झाडलोट, कताई, साधं जेवण. पुढे प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते आणि तिथे जाऊन राहते. कोट्यातल्या शिकवण्यांतून थेट आलेली मुलं पहिल्या दिवशी नाकं मुरडत असतील तर नवल नाही. तरी पंधरा दिवस हा बरा काळ आहे. तासाभरात हौस भागते, पंधरवड्यात कंटाळा येतो, आणि कंटाळ्यापलीकडे गेल्याशिवाय हात वळत नाही.

नागपूरच्या रविवारच्या पाहुण्याकडे पंधरा दिवस नसतात, हेही खरं. त्याने सकाळी केळझरला दर्शन घ्यावं, विदर्भाच्या रीतीप्रमाणे कुठे गोवऱ्यांवरचे रोडगे आणि वांग्याची भाजी जमली तर सोडू नये, दुपारी सेवाग्रामात सूतकताईला बसावं आणि जाताना वर्ध्याच्या गोरस भांडारातून गोरसपाक घ्यावा. पोरांना सेवाग्राम परिसरातल्या भल्यामोठ्या चरख्यापुढे फोटो काढायचाच असतो, तो काढू द्यावा. त्यावर सूत निघत नाही, हेही सांगावं.

आणि असे वर्ग केळझर-सेलूच्या पट्ट्यात कुणी नव्याने काढणार असेल तर एक गोष्ट आधी ठरवावी. शिबिराच्या फीमध्ये गाडीचे, जेवणाचे, आयोजकाचे पैसे पक्के धरलेले असतात. चरख्यापाशी बसून तुटलेले धागे सांधून देणाऱ्या बाईचं मानधन मात्र ‘बघू’ या खात्यात जातं. तिला गुंडीच्या दराने मोजू नये. त्या तासात ती सूत काढतच नसते, शिकवत असते, तेव्हा शहरातल्या नृत्याच्या किंवा गिटारच्या शिक्षकाला तासाला जे देतो ते तिलाही द्यावं आणि फीच्या पावतीवर ते वेगळं लिहावं. फी थोडी वाढेल. 1935 सालीही कार्यकर्ते हेच म्हणत होते.