ट्रकची साक्ष कोण नोंदवणार?

महामार्गावर रात्री दोनच्या सुमारास ट्रक आणि दुचाकीची धडक होते. त्यानंतरचा घटनाक्रम देशात जवळपास सर्वत्र सारखाच असतो. जमावाच्या भीतीने चालक पळून जातो. पोलीस येतात, टायरच्या खुणा मोजतात, दोन पंचांच्या सह्या घेऊन पंचनामा करतात. फिर्यादीत ‘भरधाव वेगाने व हयगयीने’ हे ठरलेले शब्द उतरतात. वेग नेमका किती होता, ब्रेक केव्हा लागला, चालक किती तास विश्रांतीविना ट्रक चालवत होता, या प्रश्नांची उत्तरे पंचनाम्यात नसतात. काही दिवसांनी ट्रक सुपूर्दनाम्यावर मालकाला परत मिळतो, दुरुस्त होतो आणि पुन्हा रस्त्यावर धावू लागतो. ज्याच्याजवळ ही उत्तरे होती, तो साक्षीदारही त्याच्याबरोबर निघून जातो.

हा साक्षीदार म्हणजे वाहनातील नोंद ठेवणारी यंत्रणा. तिचे महत्त्व देशाला एकदा ठळकपणे कळले होते. टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांचा ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात मोटार अपघातात मृत्यू झाला. त्या मोटारीच्या उत्पादक कंपनीने पोलिसांना दिलेल्या माहितीतून दोन आकडे समोर आले. धडकेच्या पाच सेकंद आधी वेग ताशी १०० किलोमीटर होता आणि ब्रेक लागल्यानंतर प्रत्यक्ष धडकेच्या वेळी तो ८९ होता. त्याच वर्षी देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांपैकी किती जणांच्या बाबतीत एवढी नेमकी माहिती मिळवण्याचा प्रयत्न तरी झाला असेल?

ट्रक जुन्या बनावटीचे असतात, त्यांत कसली आली यंत्रणा, ही समजूत आता खरी राहिलेली नाही. एप्रिल २०२० पासून ‘बीएस-६’ मानके लागू झाल्यानंतर नव्या ट्रकचे इंजिन संगणकीय नियंत्रकावर चालते. वेग, इंजिनाचे फेरे, अ‍ॅक्सिलरेटर यांची माहिती त्याला सतत मिळत असते आणि काही इंजिने अचानक लागलेल्या ब्रेकच्या आधीचे क्षण साठवूनही ठेवतात. उत्पादक कंपन्यांच्या आणि मोठ्या वाहतूकदारांच्या सर्व्हरवर ट्रकचे ठिकाण व वेग पोहोचत असतो. टोलनाक्यावरील फास्टॅगची वेळ तर सरकारी व्यवस्थेतच नोंदली जाते. दोन नाक्यांमधील ६० किलोमीटरचे अंतर ट्रकने ४० मिनिटांत कापले असेल, तर त्याचा सरासरी वेग ताशी ९० होता, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. मालवाहू वाहनांना चौपदरी महामार्गावरही ताशी ८० चीच मर्यादा आहे.

मात्र हा पुरावा नाशवंत आहे. काही इंजिनांत ‘शेवटच्या थांब्या’ची नोंद ट्रक पुन्हा चालवताच पुसली जाते. डॅशकॅमच्या कार्डावर जुन्या चित्रणावर नवे चढत जाते. म्हणजे ट्रक पोलीस ठाण्याच्या आवारात चालवत नेणे, ही वरवर निरुपद्रवी वाटणारी कृतीही पुरावा नष्ट करू शकते.

कायद्यात अशा पुराव्याला जागा नाही, असे मुळीच नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद प्रमाणपत्रासह ग्राह्य धरता येते. या प्रमाणपत्राचे दोन भाग असतात. एक नोंद सादर करणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. नोंदीत नंतर फेरफार झालेला नाही हे पडताळण्यासाठी तिचे ‘हॅश’ मूल्यही त्यात नमूद करावे लागते. जुन्या कायद्याखाली २०२० मध्ये जालन्याच्या निवडणूक वादातून निघालेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणपत्र अनिवार्य ठरवले होते. ते ज्याच्या ताब्यात नाही, त्याला न्यायालयाकडे दाद मागता येईल, हेही स्पष्ट केले होते. त्याच निकालात, तपासात एखादी नोंद जप्त झाली असेल, तर दूरसंचार कंपन्यांनी त्या काळातील नोंदी वेगळ्या व सुरक्षित ठेवाव्यात, असे निर्देश दिले गेले. फोनच्या नोंदींना मिळालेले हे संरक्षण ट्रकच्या नोंदींना का मिळू नये?

अडचण तपासाच्या टप्प्यावर आहे. सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत घटनास्थळी न्यायवैद्यक तज्ज्ञाने जाणे नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने बंधनकारक केले आहे. निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याच्या सर्वसाधारण गुन्ह्याला कमाल शिक्षा पाच वर्षांची. म्हणजे बहुतांश जीवघेणे अपघात या तरतुदीच्या बाहेरच राहतात. २०२२ पासूनच्या नियमांनुसार पोलिसांनी ४८ तासांत प्राथमिक आणि ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे द्यायचा असतो. मुदत आखून दिली हे चांगलेच झाले. पण पहिल्या दिवशी जी नोंद पुसली गेली, ती नव्वदाव्या दिवशी कुठून आणणार?

याचा फटका प्रथम मृताच्या कुटुंबाला बसतो. निष्काळजीपणाच्या आधारे भरपाई मागताना चूक कोणाची हे दाखवावे लागते. न्यायाधिकरणात फौजदारी खटल्याइतका काटेकोर पुरावा लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. तरीही ‘दुचाकीस्वाराचीच चूक होती’ या बचावाला उत्तर द्यायला विधवेच्या हातात पंचनाम्यापलीकडे काही नसते. कोणत्या सर्व्हरवर काय साठवलेले आहे, याची तिला कल्पनाही नसते. ती असते वाहनमालकाला, म्हणजे प्रतिवादीला.

दुसरा फटका चालकाला बसतो आणि त्याची चर्चा क्वचितच होते. जानेवारी २०२४ मध्ये अपघातानंतर पळून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षेच्या तरतुदीविरुद्ध देशभरातील ट्रकचालकांनी चाके थांबवली. ती तरतूद भारतीय न्याय संहितेत आहे, पण संहिता लागू करताना सरकारने ती बाजूला ठेवली. मोठ्या वाहनाचीच चूक असणार, हे रस्त्यावर आधीच ठरलेले असते, ही चालकांची तक्रार निराधार नव्हती. वेग मर्यादेत होता आणि ब्रेक वेळेवर लागला होता, हे सिद्ध करणारी नोंद त्याच्याइतकी दुसऱ्या कोणाला हवी असेल?

शिवाय ‘चालकाचा डोळा लागला’ या वाक्याशी आपला तपास संपतो. खरा प्रश्न तिथून सुरू व्हायला हवा. दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, ही मर्यादा मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ च्या कायद्याने घालून दिली. ती मोजायची कशी, हे मात्र ठरले नाही. युरोपात चालकाचे तास नोंदवणारा टॅकोग्राफ ट्रकमध्ये सक्तीचा आहे आणि साडेचार तास वाहन चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती झाली की नाही, हे त्यावरून तपासले जाते. अशी नोंद आपल्याकडे असेल, तर माल वेळेत पोहोचवण्याचा तगादा लावणारा मालकही जबाबदारीच्या कक्षेत येईल.

यंत्राची साक्ष अंतिम सत्य नसते, हेही मान्य करायला हवे. चाके जाम होऊन ट्रक घसरत गेला, तर चाकांवरून मोजलेला वेग प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. यंत्राचे घड्याळ पुढेमागे असू शकते. म्हणून ही नोंद टायरच्या खुणा आणि साक्षीदारांचे जबाब यांच्याबरोबरच वाचावी लागेल. सरसकट पाळतीचे साधन होऊ नये यासाठी अपघाताआधीची काही मिनिटे आणि त्या प्रवासातील कामाचे तास, एवढ्यापुरतीच ती मागता यावी.

यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. अपघातग्रस्त वाहनाची तपासणी करण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या कलम १३६ मध्ये आहेच. त्या तपासणीत नोंदींची प्रत घेणे समाविष्ट करावे आणि ती होईपर्यंत ट्रक सुरू करू नये. प्राणघातक अपघात कळताच नोंदी राखून ठेवण्याची लेखी सूचना मालकाला व उत्पादकाला जावी. जिल्ह्यात निदान एक अधिकारी ही प्रत काढण्यात प्रशिक्षित असावा. प्रत सविस्तर अहवालासोबत मृताच्या वारसांना आणि चालकालाही मिळावी. सूचना मिळूनही मालकाने नोंद दडवली, तर ती त्याच्या विरोधात जाणारी होती असे गृहीत धरण्याची मुभा साक्ष्य अधिनियम न्यायालयाला देतोच.

ट्रक आपली साक्ष आजही लिहून ठेवतो आहे. ती पुसली जाण्याआधी वाचायची की नाही, एवढाच निर्णय राज्यव्यवस्थेला घ्यायचा आहे.