गायरान ओळखायचं तर दोन हंगाम बघा

ऑगस्टमध्ये नांदेड-लातूरवरून टिपलेल्या फोटोत सगळा मुलूख एकसारखा हिरवा दिसतो. सोयाबीन कुठे संपतं आणि गायरान कुठे सुरू होतं, हे डोळ्यांना कळत नाही. आकड्यांनाही लगेच कळत नाही.

डिजिटल फोटोतल्या प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे असतात, ० ते २५५ मधले. हिरवेपणा मोजायचं सोपं सूत्र आहे : हिरव्याची दुप्पट, वजा लाल, वजा निळा. समजा, कंधारकडच्या माळावर लाल ९५, हिरवा १३०, निळा ७० भरला, तर उत्तर येतं ९५. शेजारच्या सोयाबीनचं १०० आलं, तर दोघांना वेगळं कसं करणार?

म्हणून जाणकार तारीख बदलून बघतात. ऑक्टोबरात सोयाबीन निघतं, काळं रान उघडं पडतं आणि उत्तर शून्याकडे घसरतं. माळावरची कुसळी, पवना ही गवतं तेव्हा नुकती पिवळी पडू लागलेली असतात. घोटाळा करते ती तूर. सोयाबीन काढल्यावर उभे राहिलेले तुरीचे तास आणि मधली काळी माती एकाच पिक्सेलात आली, की सरासरी पिवळ्या पडत्या गवताएवढी भरू शकते. डिसेंबरात हा गुंता सुटतो : तूर आणि हरभरा हिरवे, माळ पार वाळलेला.

युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांमुळे २०१५ पासून अशी चित्रं वरचेवर आणि फुकट मिळतात. त्यांचा पिक्सेल १० मीटरचा असतो. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाशही ते टिपतात. जिवंत पान लाल प्रकाश शोषतं आणि अवरक्त परत फेकतं; या दोहोंच्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागलं की एनडीव्हीआय हा हिरवाईचा निर्देशांक निघतो.

पण नुसता डिसेंबरही दगा देतो. वाळलेलं गवत आणि उघडा मुरूम यांचे आकडे जवळजवळ येतात. कोरड्या हंगामातल्या एकाच चित्रावर विसंबलं तर चांगलं कुरणही पडीकात जमा होतं. पडीक ठरलेल्या जमिनीवर वृक्षलागवड किंवा सौर प्रकल्प सुचवणं सोपं जातं. लाल कंधारी आणि देवणी गुरांचा चारा त्या हिशेबात येतच नाही. तो यायचा असेल, तर नकाशा करणाऱ्याने दोन्ही हंगामांची चित्रं जोडावीत आणि शंका असलेल्या पिक्सेलवर स्वतः जाऊन उभं राहावं.