मोती आणि मिठू

आमच्या जुन्या वाड्यात दोन पाळीव प्राणी होते. आमच्या घरी मोती नावाचा कुत्रा आणि शेजारच्या आजींकडे मिठू नावाचा पोपट. मोतीचा सख्खा भाऊ समोरच्या किराणा दुकानात वाढला. दोघेही एकाच आईची पिल्ले, पण स्वभाव किती निराळे! तो भाऊ कोणाच्याही मागे शेपूट हलवत जाई. मोती मात्र अनोळखी माणूस दिसला की खाटेखाली शिरे आणि पाहुणा निघून गेल्यावर दारात उभा राहून मोठ्या ऐटीने भुंके. माणसांसारखाच प्राण्यांनाही ज्याचा त्याचा स्वभाव असतो, हे मला या दोघांमुळे कळले.

कुत्रा निदान १५,००० वर्षांपासून माणसाबरोबर राहत आहे. एवढ्या सहवासात तो माणसाचा चेहरा आणि हातवारे ओळखू लागला. आपण बोटाने एखादी वस्तू दाखवली, की तो त्या दिशेला पाहतो. हंगेरीतील शास्त्रज्ञांनी कुत्रे आणि माणसांनी वाढवलेले लांडगे यांच्यापुढे खाऊ ठेवला, पण तो त्यांना मिळणार नाही अशी व्यवस्था केली. लांडगे स्वतःच खटपट करत राहिले. कुत्रे मात्र थोड्या वेळाने मागे वळून माणसाच्या तोंडाकडे पाहू लागले. जणू म्हणत होते, "जरा मदत करा ना!"

२०१५ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. कुत्रा आणि त्याचा मालक एकमेकांच्या डोळ्यांत बराच वेळ पाहतात, तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन नावाचे द्रव्य वाढते. आई आणि बाळ यांच्या मायेशीही याच द्रव्याचा संबंध आहे.

पोपटाचे तसे नाही. तो थव्यात राहणारा पक्षी आहे. रानात तो सतत आवाज देऊन सोबत्यांशी संबंध ठेवतो. पिंजऱ्यात सोबती कुठून येणार? म्हणून तो घरातील माणसांनाच आपला थवा मानतो आणि त्यांचे आवाज शिकतो. अमेरिकेत आयरीन पेपरबर्ग या संशोधक बाईंनी १९७७ मध्ये अलेक्स नावाचा एक करडा आफ्रिकी पोपट घेतला. तो सुमारे शंभर शब्द शिकला. वस्तूंचे रंग व आकार तो सांगे. पण तेच तेच प्रश्न विचारले की कंटाळे, मुद्दाम चुकीची उत्तरे देई आणि पिंजऱ्यात परत जायचे आहे असे सांगे! २००७ मध्ये तो मरण पावला.

आमचा मिठू एवढा विद्वान नव्हता, पण खोडकर होता. आजींच्या आवाजात तो हाक मारी, "मोती, ये!" मोती धावत जाई, इकडेतिकडे पाही आणि खजील होऊन परत येई. मिठूचा खरा जीव आजींच्या नातीवर होता. ती शाळेतून आली की तो शीळ घाली. पुढे तिचे लग्न झाले आणि ती सासरी गेली. मिठूने हाका मारणे बंद केले. महिन्याभरात त्याने चोचीने आपल्याच छातीवरची पिसे उपटून काढली. एकटे पडलेले पोपट असे करतात, हे तेव्हा आम्हांला ठाऊक नव्हते. त्याला काही रोग झाला असेल असे समजून आम्ही पिंजऱ्यात कडुलिंबाचा पाला ठेवत होतो!

आता १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्या देशातील पोपट पकडणे, विकणे किंवा पाळणे हा गुन्हा आहे. बाजारात 'लव्हबर्ड' म्हणून जे छोटे रंगीत पक्षी मिळतात, ते बहुधा बजरीगर असतात. ते मूळचे ऑस्ट्रेलियाचे. त्यांना पाळता येते, पण तेही थव्यातलेच पक्षी. त्यामुळे एकच पक्षी आणू नये, निदान जोडी तरी ठेवावी.

मिठूचे दुःख शेवटी आजींनीच ओळखले. भाजी निवडायला त्या रोज पिंजऱ्याजवळ बसू लागल्या आणि त्याच्याशी बोलू लागल्या. मिठूच्या छातीवर पिसे पुन्हा उगवली नाहीत. पण एका दुपारी सगळा वाडा झोपलेला असताना हाक ऐकू आली, "मोती, ये!" मोती तेव्हा म्हातारा झाला होता. तरी तो खाटेखालून उठला आणि लंगडत दारापर्यंत गेला.