मोजदादीचे मोल

निसर्गाचा अभ्यास म्हटला की नवी प्रजाती सापडल्याची बातमी आठवते, वाघाच्या गळ्यातला रेडिओ पट्टा आठवतो, फार तर उपग्रहाने टिपलेला जंगलाचा नकाशा आठवतो. मोजदाद कोणाला आठवत नाही. त्याच जागी, त्याच रीतीने, वर्षामागून वर्षे जाऊन किती पक्षी दिसले, किती घरटी होती, पाणी किती खोल होते हे लिहून ठेवण्याचे काम रुक्ष वाटते आणि त्यातून काय हाती लागेल हे पैसे देणाऱ्याला आधी सांगताही येत नाही. तरीही गेल्या अर्धशतकात भारतातल्या परिसंस्थांच्या प्रकृतीविषयी मिळालेले दोन मोठे धडे अशाच नोंदींतून मिळाले आहेत. एक भरतपूरच्या पाणथळीचा आणि दुसरा गिधाडांचा. दोन्हींच्या मुळाशी मुंबईतली एकच संस्था आहे : बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, सर्वांच्या तोंडी रुळलेली ‘बीएनएचएस’. या संस्थेचे खरे उपकरण प्रयोगशाळेत नाही, तिच्या नोंदवहीत आहे. ते उपकरण चालू ठेवणे ही हौशी पक्षिप्रेमींपुरती बाब नाही. माणसांच्या आरोग्याचा आणि सार्वजनिक खर्चाचा तो सरळ हिशेब आहे.

१५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईतल्या आठ निसर्गप्रेमींनी ही संस्था स्थापन केली. त्यांपैकी दोघे भारतीय होते आणि दोघेही डॉक्टर : प्रार्थना समाजाचे संस्थापक आत्माराम पांडुरंग आणि वनस्पतींचे जाणकार सखाराम अर्जुन. संस्थेचे नियतकालिक १८८६ पासून निघू लागले आणि कुठे काय दिसले, केव्हा दिसले, किती दिसले याच्या नोंदी त्यात साठत गेल्या. सुरुवातीच्या नोंदींत शिकारी, चहामळेवाले, वनाधिकारी, लष्करी अधिकारी अशा सर्वांचा हात होता. त्यामुळे त्या एकसारख्या नव्हत्या, काही नुसत्या कुतूहलाच्या होत्या. पण लिहून ठेवण्याची सवय लागली आणि पुढच्या पिढीला मागे वळून पाहता येईल असे काहीतरी उरले. १९५९ मध्ये सलीम अलींच्या पुढाकाराने पक्ष्यांच्या पायात क्रमांकाची कडी घालण्याचा मोठा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा या सवयीला शिस्तीचे रूप आले. त्या कार्यक्रमाला जागतिक आरोग्य संघटनेने हातभार लावला. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर जंगल ज्वर उद्भवला होता आणि स्थलांतरित पक्ष्यांबरोबर गोचिड्यांमार्फत असे रोग देशोदेशी जातात का, हे तपासायचे होते. म्हणजे पक्ष्यांची नोंद आणि माणसाचे आरोग्य यांचा संबंध तेव्हाच जोडला गेला होता. तो किती खोल आहे हे मात्र कळायला आणखी चाळीस वर्षे जावी लागली.

पहिला धडा भरतपूरचा. राजस्थानातले केवलादेव हे सुमारे २९ चौरस किलोमीटरचे क्षेत्र म्हणजे कधीकाळी संस्थानिकांचे बदकांच्या शिकारीचे ठिकाण. तिथले पाणी निसर्गतः साठलेले नव्हे. अजान बांधातून सोडलेल्या पाण्यावर ही पाणथळ जगते. १९८० मध्ये बीएनएचएसने इथे दहा वर्षांचा परिसंस्था-अभ्यास सुरू केला. पाणी, त्यातल्या वनस्पती, मासे, पक्षी आणि चरणारी गुरे या सर्वांची एकत्र नोंद ठेवायची, असे त्याचे स्वरूप होते. दरम्यान केवलादेव राष्ट्रीय उद्यान झाले आणि नोव्हेंबर १९८२ मध्ये तिथे गुरे चारायला बंदी झाली. आसपासच्या गावांतून विरोध उसळला, पोलिसांच्या गोळीबारात गावकऱ्यांचे जीव गेले, तरी बंदी टिकली. सलीम अली आणि खुद्द संस्थाही या बंदीच्या बाजूने होती. गुरे म्हणजे उपद्रव, हे तेव्हा जवळजवळ सर्वमान्य गृहीतक होते आणि ते अगदीच निराधारही नव्हते. देशभरातली कितीतरी माळराने अतिचराईने उजाड झालेली होती.

मोजदादीने वेगळेच दाखवले. म्हशी पाण्यात उतरून जे गवत खात होत्या, तुडवत होत्या, ते पास्पॅलम जातीचे गवत बंदीनंतर मोकाट वाढले. उघड्या पाण्यावर त्याचा जाड थर पसरला, पाण्यातल्या इतर वनस्पतींना जागा उरली नाही, माशांना आणि बदकांना हवे असलेले मोकळे पाणी आक्रसले. १९९१ मध्ये अंतिम अहवाल आला, तेव्हा व्ही. एस. विजयन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वच्छ लिहिले की, म्हशींचे चरणे या पाणथळीच्या प्रकृतीसाठी आवश्यक होते. या निष्कर्षाला वजन आले ते अभ्यास बंदीच्या दोन वर्षे आधी सुरू झालेला होता म्हणून. बंदीनंतर कोणी पाहायला गेले असते तर गवत दिसले असते, पण ते आधीपासूनच होते की नंतर वाढले, यावर वाद घालत बसावे लागले असते. आधीचे आकडे हाताशी असल्याने तो वाद उरला नाही. शिवाय संस्थेच्याच नोंदींनी संस्थेचेच मत खोडले आणि संस्थेने ते छापले. विज्ञानाच्या प्रामाणिकपणाची याहून चांगली परीक्षा नाही.

दुसरा धडा त्याच केवलादेवमध्ये सुरू होतो. विभू प्रकाश हे संस्थेचे संशोधक १९८० च्या दशकात तिथल्या शिकारी पक्ष्यांचा अभ्यास करत होते. १९८७-८८ च्या हंगामात पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची ३५३ घरटी नोंदली गेली. गिधाडे तेव्हा इतकी सर्वत्र दिसत की ती मोजणे अनेकांना वेळेचा अपव्यय वाटला असता. १९९६ मध्ये पुन्हा मोजणी झाली, तेव्हा घरटी निम्म्याहून कमी भरली. १९९८-९९ मध्ये ती २० वर आली आणि थोड्याच वर्षांत एकही उरले नाही. झाडांवर माना टाकून बसलेले आणि काही दिवसांत खाली कोसळणारे पक्षी दिसत होते. मग १९९०च्या दशकाच्या आरंभी रस्त्यांवरून मोटारीने जाऊन देशभर केलेली शिकारी पक्ष्यांची गणती त्याच मार्गांवर, त्याच पद्धतीने २००० पासून पुन्हा केली गेली. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडे ९९.९ टक्क्यांनी आणि लांब चोचीची व निमुळत्या चोचीची मिळून सुमारे ९७ टक्क्यांनी घटल्याचे तिने सिद्ध केले. हजारात एक उरणे म्हणजे काय, हे कोणत्याही अंदाजाने सांगता आले नसते.

कारणाचा शोध आधी चुकीच्या दिशेला गेला. इतक्या वेगाने आणि इतक्या विस्तृत प्रदेशात मरणारे पक्षी पाहून बहुतेकांना संसर्गजन्य रोगाचा संशय आला. २००४ मध्ये लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांच्या तपासणीवरून खरे कारण मांडले. जनावरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या गुराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात गेले की त्याचे मूत्रपिंड निकामी होते, रक्तात यूरिक आम्ल साठते आणि आतल्या अवयवांवर त्याचा खडूसारखा पांढरा थर जमतो. भारतातल्या मृत गिधाडांतही तेच आढळले. मग गणिताने आणखी एक धक्कादायक गोष्ट दाखवली. शंभरात एकाहूनही कमी गुरांच्या मढ्यांत हे औषध असले, तरी एवढी घट होऊ शकते. एका मढ्यावर कितीतरी गिधाडे तुटून पडतात आणि प्रत्येक गिधाड दर दोन-तीन दिवसांनी नव्या मढ्यावर जाते. त्यातून गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू प्रौढ व्हायला काही वर्षे लागतात. २००४-०५ मध्ये भारतातल्या मेलेल्या गुरांचे नमुने तपासले, तेव्हा सुमारे दहा टक्क्यांत डायक्लोफिनॅक सापडले. २००६ मध्ये भारताने त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आणली. त्याच्या जागी मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना निर्धोक औषध उपलब्ध होते. २००८ पर्यंत दूषित मढ्यांचे प्रमाण साडेसहा टक्क्यांवर आले, म्हणजे कमी झाले, पण थांबले नाही. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांना टोचल्या जात होत्या, म्हणून २०१५ मध्ये कुपीचा आकार ३ मिलिलिटरवर आणावा लागला.

गिधाडे गेल्याने काय बिघडले, हे सांगणारे आकडे आणखी मागाहून आले. मेलेल्या गुराचा तासाभरात सांगाडा करणारी यंत्रणा बंद पडली आणि तिच्या जागी भटके कुत्रे आले. २००८ मध्ये अनिल मार्कंड्य आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अंदाजानुसार १९९२ ते २००६ या काळात गिधाडांच्या घटीमुळे देशात कुत्र्यांची संख्या सुमारे ५५ लाखांनी वाढली आणि रेबीजने ४७ हजारांहून अधिक जादा मृत्यू झाले. इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पूर्वी गिधाडे असलेले आणि नसलेले जिल्हे ताडून पाहिले. २००० ते २००५ या काळात वर्षाला सुमारे एक लाख जादा मृत्यू झाले, असा त्यांचा निष्कर्ष आहे. कुत्र्यांबरोबर पिण्याच्या पाण्यातली घाणही त्यांनी यामागच्या कारणांत धरली आहे, कारण कुजणारी मढी शेवटी ओढ्या-नाल्यांत जातात. पक्षी, पाणी आणि माणूस यांची साखळी एका औषधाने तुटली, ती अशी. मुंबईच्या मलबार हिलवरच्या, मृतदेह गिधाडांच्या हवाली करण्याच्या दोखम्यांत पारशी समाजाला मृतांच्या विधीसाठी सूर्यकिरण एकवटणाऱ्या साधनांचा आधार घ्यावा लागला, हाही याच घटीचा परिणाम.

यावर पहिला आक्षेप असा की मोजणीने कारण सापडले नाही. ते शवविच्छेदनाने आणि रसायनशास्त्राने सापडले. हे खरे आहे आणि ते मान्य केलेच पाहिजे. पण प्रयोगशाळेला प्रश्न कोणी दिला? पक्षी मरतात ही रोजची गोष्ट आहे. ही मरणे नेहमीची नाहीत हे ठरवायला आधीचे माप लागते आणि ते मोजणीखेरीज कुठून येणार? कारण सापडल्यावरही बंदी लागू पडते आहे की नाही, हे सांगायला पुन्हा गुरांचे नमुने आणि पुन्हा गिधाडांची गणतीच लागली. निदान रसायनशास्त्राने केले, पण रोगी आहे हे ओळखणे आणि औषध लागू पडले का हे पाहणे, ही दोन्ही टोके नोंदवहीने सांभाळली.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे : मोजणी फक्त मृत्यूचा दाखला देते आणि तोही उशिरा. गिधाडांच्या बाबतीत हे घडले, यात शंका नाही. पण तो दोष मोजणीचा नाही, तिच्यातल्या खंडाचा आहे. १९८८ ते १९९६ या मधल्या वर्षांत केवलादेवच्या घरट्यांची तशीच सलग मोजणी झाली असती, तर घसरण पहिल्या दोन-तीन हंगामांतच दिसली असती. आपल्याकडे संशोधनाला बहुधा तीन-पाच वर्षांच्या प्रकल्पाप्रमाणे पैसे मिळतात. प्रकल्प संपला की माणसे जातात आणि मोजणी थांबते. पाऊस किती पडला हे आपण दर तीन वर्षांनी नव्याने मंजुरी घेऊन मोजत नाही. मग पाणथळीतली बदके आणि डोंगरकड्यांवरची गिधाडे यांना वेगळा न्याय का?

तिसरा आक्षेप भरतपूरच्या गावकऱ्यांच्या बाजूने येतो आणि तो सर्वांत महत्त्वाचा आहे. म्हशी चरल्याने पाणी मोकळे राहते, हे ज्यांच्या पिढ्या त्या पाण्याकाठी गेल्या त्यांना कळत नव्हते का? जे त्यांना ठाऊक होते तेच सांगायला दहा वर्षे आणि एवढा पैसा कशाला? याला माझे उत्तर असे की, त्यांना आधी विचारायला हवे होते आणि न विचारता बंदी लादणे अन्यायाचे होते. पण अनुभवाचे ज्ञान सरकारी निर्णयात टिकवायचे तर त्याला मोजमापाचा आधार लागतो, नाहीतर ते हितसंबंधीयांचे म्हणणे म्हणून बाजूला सारले जाते. भरतपूरमध्ये आकड्यांनी गावकऱ्यांची बाजू उचलून धरली, आणि तीही विरुद्ध बाजूच्या संस्थेच्या हातून. दुसरीकडे गिधाडांच्या बाबतीत कोणाच्याही अनुभवात नसलेली गोष्ट घडत होती. तिथे स्थानिक शहाणपण पुरे पडणारे नव्हते. म्हणून लोकांचे ज्ञान आणि मोजणी यांना एकमेकांच्या विरोधात उभे करण्यात अर्थ नाही. काय मोजायचे हे लोकांना विचारावे आणि मोजून जे निघेल ते लोकांसमोर ठेवावे.

आज संस्थेचे काम मोजणीपुरते राहिलेले नाही. हरियाणातल्या पिंजोर इथे २००१ मध्ये सुरू झालेल्या केंद्रात गिधाडांची पैदास केली जाते आणि २०२४ मध्ये तिथली काही गिधाडे महाराष्ट्रात ताडोबा आणि पेंच इथे आणली गेली. ही आनंदाची गोष्ट आहे. पण पिंजऱ्यात वाढलेला पक्षी आकाशात सोडणे तेव्हाच सार्थकी लागेल, जेव्हा खालचे मढे निर्विष असेल. ॲसिक्लोफिनॅक हे औषध गुराच्या शरीरात गेल्यावर डायक्लोफिनॅकच बनते. तरी त्याच्या आणि किटोप्रोफेनच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी यायला २०२३ उजाडले. म्हणजे तोच अपघात नव्या नावाने पुन्हा घडू देण्याची आपली तयारी होती. गुरांसाठीचे कोणतेही नवे वेदनाशामक बाजारात येण्याआधी ते गिधाडांना निर्धोक आहे का हे तपासणे, मेलेल्या गुरांचे नमुने ठरावीक काळाने तपासत राहणे आणि ठरलेल्या जागांवरची गणती प्रकल्पांच्या मुदतीबाहेर काढून कायमच्या खर्चात धरणे, या तीन गोष्टी सरकारने केल्याच पाहिजेत. यांतल्या कशालाही मोठे तंत्रज्ञान लागत नाही. लागते ते सातत्य. त्या सातत्याला लागणारा पैसा एका जिल्ह्यात रेबीजच्या लसींवर होणाऱ्या खर्चाशेजारी ठेवून पाहिला, तर उधळपट्टी कशाला म्हणायची हे ठरवणे अवघड राहणार नाही.