ग्रामीण युवक आणि कुटुंबवैद्य : दिघोरीसारख्या गावांच्या संदर्भात

भंडारा जिल्ह्यातील दिघोरीसारख्या गावात कुटुंबवैद्य ही नोंदणीने बांधलेली व्यवस्था नसून विश्वासाने चालत आलेली रूढी होय. ताप-खोकल्यापुरती ही जुनी ओळख युवकांना सोयीची वाटते. मासिक पाळी, लैंगिक शंका वा मानसिक ताण यांबाबत मात्र तीच अडसर ठरते. कारण डॉक्टर वडिलांच्याही परिचयाचे असतात. २०१४ च्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाने गोपनीय समुपदेशनाची तरतूद केली, ती १० ते १९ वयोगटापुरती. पदवीचे विद्यार्थी लवकरच तिच्याबाहेर पडतात.

पूर्व विदर्भात हा प्रश्न सिकलसेलमुळे अधिक गंभीर होतो. वाहकास सहसा लक्षणे नसतात. तथापि दोन्ही जोडीदार वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. २०२३ पासूनच्या राष्ट्रीय अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी अभिप्रेत आहे. घराण्याचा आरोग्य-इतिहास जाणणारा डॉक्टर येथे खरा उपयोगी. परंतु निष्कर्ष सोयरिकीआधीच गावभर होईल, ही धास्ती तपासणीच्या आड येते (आणि ती अगदीच निराधार म्हणता येत नाही). २००२ च्या वैद्यकीय आचारविषयक विनियमांनुसार रुग्णाची माहिती गुप्त राखणे डॉक्टरांचे कर्तव्य आहे. म्हणून सज्ञान युवतीचा अहवाल तिच्याच हाती द्यावयास हवा, मग वडिलांचा परिचय कितीही जुना असो.