तुरुंगातला दिवसांचा हिशेब

तुरुंगातली शिपाई म्हटलं की आपल्याला काठी आणि किल्ल्यांचा जुडगा आठवतो. पुण्यात येरवड्याला दौलतराव जाधव यांच्या नावाचं तुरुंग अधिकारी प्रशिक्षण महाविद्यालय आहे. तिथे कवायतीबरोबर कायदाही शिकवतात. आता त्या कायद्यात आकडेमोड आली आहे, आणि तीच खरी कसोटी आहे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम ४७९ प्रमाणे, आधी कधीच शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला, की त्याला जातमुचलक्यावर सोडायचं. बाकीच्यांना निम्मा काळ काढल्यावर जामीन. समजा, गुन्ह्याला जास्तीत जास्त तीन वर्षं आहेत, तर पहिल्या वेळी एक वर्ष. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे यात येत नाहीत. एकाहून जास्त खटले चालू असतील तरीही नाही.

मुदत भरताच कोर्टाला लेखी अर्ज करायचा कोणी? तुरुंगाच्या अधीक्षकांनी! म्हणजे प्रत्येक कैद्याची अटकेची तारीख, कलमं, इतर खटले सगळं नोंदीत हवं. बराकी गच्च भरलेल्या, माणसं कमी. आपल्या गटात वीसजणींच्या हप्त्यांचा मेळ बसवताना रात्र होते, तिथे तर शेकडो नावं. एक नोंद सुटली की कुणाची तरी आई विनाकारण आत राहते.

तुमच्या ओळखीतलं कुणी आत असेल, तर अटकेची तारीख वहीत लिहून ठेवा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे कैद्याला वकील फुकट मिळतो. बाईला तर तिचं उत्पन्न न विचारता.